जुनी जीप घ्यायची आहे? आधी तिच्याखाली झोपून बघा

पावसाळा सुरू झाला की रील्समध्ये एक सीन हमखास दिसतो. सह्याद्रीतला चिखलाचा रस्ता, हूड काढलेली जुनी जीप, मागे ढोलताशा, आणि खाली कमेंट : 'भावा, कितीला मिळेल?' आकडा कुणीतरी सांगतोही. पण ती गाडी दारात उभी राहिल्यावर पहिल्या सहा महिन्यांत काय होतं, ते त्या तीस सेकंदांत मावत नाही. म्हणून हा लेख.

जुनी जीप म्हणजे नक्की कोणती?

आपल्याकडे 'जीप' हा शब्द फार सैल वापरला जातो. गावाकडे वडापची गाडी पण जीप, सरपंचांची पण जीप. मुळात ही सगळी दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन विलीज जीपची वंशावळ. 1940 च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत महिंद्राने विलीजच्या जीप जोडायला सुरुवात केली. त्यातून पुढे आपल्या रस्त्यावर आली सीजे-3बी, जिला शौकीन लोक 'हाय बोनेट' म्हणतात. इंजिन उंच होतं, म्हणून बोनेट उंच. नंतर 1980 च्या दशकात प्यूजोच्या तंत्रज्ञानाचं डिझेल इंजिन घेऊन एमएम540 आली. आणि डिसेंबर 1985 मध्ये मारुतीची जिप्सी, 970 सीसीचं छोटं पेट्रोल इंजिन असलेली. तिला 1990 च्या दशकात 1298 सीसीचं इंजिन मिळालं आणि ती थेट गेल्या दशकाच्या शेवटापर्यंत बनत राहिली.

आता पहिला सापळा. जीपसारखी दिसणारी प्रत्येक गाडी फोर बाय फोर नसते! गावात प्रवासी वाहतुकीला ज्या गाड्या विकल्या गेल्या त्यातल्या भरपूर फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या आहेत. ओळखायचं कसं? ड्रायव्हरजवळ गिअरशिवाय आणखी एक किंवा दोन दांडे आहेत का बघा. मग खाली वाकून पुढच्या दोन चाकांच्या मध्ये नारळाएवढा लोखंडी गोळा, म्हणजे डिफरन्शियल, आहे का बघा. तो नसेल तर दांडा असो वा नसो, गाडी टू व्हील ड्राइव्ह.

तो दुसरा दांडा करतो काय?

ही गोष्ट नीट समजून घ्या, कारण अर्धी दुरुस्ती आणि अर्धे घोळ इथेच आहेत.

गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस नावाची पेटी असते. इंजिनची ताकद तिथे दोन वाटांनी फुटते, एक मागच्या अॅक्सलकडे, एक पुढच्या. शिवाय त्या पेटीत 'लो' नावाचा जास्तीचा गिअर असतो. सीजे-3बीचं गणित घेऊ. पहिल्या गिअरचं प्रमाण सुमारे 2.8, ट्रान्सफर केसच्या लो गिअरचं 2.46, आणि अॅक्सलचं 5.38. तिन्हींचा गुणाकार येतो साधारण 37. म्हणजे चाक एकदा फिरायला इंजिन 37 वेळा फिरतं. इंजिन मिनिटाला हजार फेऱ्या घेत असेल तर चाक घेतं 27, आणि त्या लहान टायरवर हा वेग होतो ताशी साडेतीन-चार किलोमीटर. माणसाच्या चालण्याएवढा. बदल्यात चाकाला मिळणारा जोर तेवढ्याच पटीने वाढतो. म्हणून ऐंशी घोड्यांच्या आतलं इंजिन असलेली ही गाडी दगडांच्या चढावर न चिडता चढते, आणि दुप्पट ताकदीची नवी एसयूव्ही खालीच चाकं फिरवत बसते.

पण याच पेटीत एक गोष्ट नाही. पुढच्या आणि मागच्या अॅक्सलला वेगवेगळ्या गतीने फिरू देणारं मधलं डिफरन्शियल. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा फेरा मारतात. चिखलात चाक थोडं घसरून तो फरक भरून काढतं. डांबरी रस्त्यावर घसरायला जागाच नाही, त्यामुळे सगळा ताण शाफ्ट, क्रॉस आणि गिअरवर साठत जातो. स्टिअरिंग जड होतं, दांडा अडकतो, आणि एखाद्या दिवशी 'खाड्' असा आवाज येतो. रील काढायला डांबरावर फोर बाय फोर टाकून गोल गोल फिरवणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवं.

आणखी एक गैरसमज. फोर बाय फोर म्हणजे चारही चाकं कायम ओढतात, असं नाही. प्रत्येक अॅक्सलवरचं साधं डिफरन्शियल ज्या चाकाला पकड नाही त्यालाच फिरवत राहतं. खड्ड्यात पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक हवेत लटकलं, की ती दोन चाकं भिंगरीसारखी फिरतात आणि गाडी जागच्या जागी. अशा वेळी अॅक्सिलरेटर दाबून काही होत नाही. चाकाखाली दगड लावायचे.

माझे वीस हजार कसे गेले

मी पहिली गाडी बघायला गेलो तेव्हा हे सगळं मला पाठ होतं. दांडे बघितले, डिफ बघितला, एक चक्कर मारली, आणि बयाणा म्हणून वीस हजार रुपये देऊन मोकळा झालो. घरी येऊन शांतपणे आरसीचा फोटो मोठा करून वाचला. इंधन : पेट्रोल. आणि मी जिच्यात बसून आलो होतो तिच्या बोनेटखाली डिझेल इंजिन धडधडत होतं.

पूर्वी पेट्रोल महाग म्हणून असंख्य जीपमध्ये गॅरेजवाल्यांनी डिझेल इंजिनं बसवली. काहींची नोंद आरसीवर झाली, बऱ्याच जणांची झालीच नाही. नोंद नसेल तर अडचण साधी नाही. पंधरा वर्षांनंतरच्या नूतनीकरणासाठी गाडी आरटीओत तपासायला न्यावी लागते, तिथे इंजिन नंबर जुळत नाही. अपघात झाला तर विमा कंपनी तेच कारण पुढे करू शकते. विकणाऱ्याचं म्हणणं होतं, 'साहेब, आपल्याकडे कोण बघतंय?' गाडी मी घेतली नाही आणि पैसे परत मिळाले नाहीत.

तेव्हापासून क्रम ठरलेला आहे. आधी कागद, मग गाडी. नंबर टाकून एमपरिवहन अॅपवर किंवा परिवहनच्या साइटवर इंधन, नोंदणीची मुदत, फिटनेस, विमा आणि बँकेचा बोजा बघायचा. खूप जुन्या गाड्यांची नोंद ऑनलाइन चढलेलीच नसते. तसं असेल तर मालकाला आधी ती चढवून घ्यायला सांगायचं, व्यवहार नंतर. मग चासीवर ठोकलेला नंबर तारेच्या ब्रशने साफ करून त्याचा फोटो काढायचा. आकडे एका ओळीत, एका खोलीचे आहेत का? आजूबाजूला घासल्याच्या किंवा वेल्डिंगच्या खुणा आहेत का? शंका आली तर चहा पिऊन निघायचं. परराज्यातली गाडी असेल तर एनओसी, इथला कर आणि पुन्हा नोंदणी हा खर्च किमतीतच धरायचा. लष्कराच्या लिलावातली म्हणून दाखवतात त्या गाडीचे लिलावाचे मूळ कागद नसतील तर ती शोभेची वस्तू आहे, वाहन नाही.

नूतनीकरणाचं शुल्कही आता किरकोळ राहिलेलं नाही. 2022 पासून पंधरा वर्षांवरच्या मोटारीसाठी ते 5,000 रुपये झालं, आणि वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी 2025 मध्ये 10,000. नूतनीकरण दर पाच वर्षांनी. पर्यावरण कर वेगळा. गाडी पन्नास वर्षांवरची आणि मूळ रूपात असेल तर 2021 च्या नियमांनुसार 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळू शकते, नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात. पण मग ती रोजच्या वापरासाठी चालवता येत नाही.

जमिनीवर झोपा

कागद बरोबर निघाले की पोतं पसरा आणि गाडीखाली जा. रंग बघू नका. रंग पंधरा दिवसांत होतो आणि त्याखाली पुट्टी किती आहे ते लोहचुंबक लावल्याशिवाय कळत नाही. चासी बघायची. पाट्यांचे हँगर जिथे चासीला जोडलेत तिथे आणि स्टिअरिंग बॉक्सच्या आसपास तडे जातात. छोटी हातोडी घेऊन ठोका. चांगलं लोखंड खणखणतं, सडलेलं भदभद वाजतं. कोकणातल्या गाड्यांना खाऱ्या हवेमुळे चासीच्या आतून गंज धरतो, तो बाहेरून दिसतही नाही.

इंजिन थंड असतानाच सुरू करायला सांगा. आधी बोनेटवर हात ठेवून बघा. गरम असेल तर मालकाने तुमच्या येण्याआधी खटपट करून ठेवली आहे. धुराचा रंग वाचता येतो. निळा म्हणजे इंजिन ऑइल जळतंय, काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, आणि गरम झाल्यावरही पांढरा थांबला नाही तर हेड गॅस्केटपासून इंजेक्टरपर्यंत काहीही. ऑइल भरायचं झाकण उघडा. तिथून चुलीसारखा धूर फेकला जात असेल तर रिंगा गेल्यात.

खालून थोडं ऑइल गळत असेल तर मात्र घाबरू नका. गळत नसेल तर ऑइल संपलंय, असं जीपवाले म्हणतात आणि तो फक्त विनोद नाही.

फिटर, फोटो आणि पाणी

या गाड्यांमध्ये लॅपटॉप लावायला सॉकेट नाही. जिप्सीच्या शेवटच्या मॉडेलमध्ये ईसीयू आहे, पण जुन्या मेकॅनिकल पंपाच्या डिझेलला एकदा सुरू झाल्यावर विजेची जवळपास गरजच नाही. चांगला फिटर स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावून बेअरिंगचा आवाज ओळखतो. तो वयाने बहुतेक पन्नाशीच्या पुढचा असतो. त्याच्याकडे रविवारी जाऊन नुसतं बसा, पाना द्या, चहा आणा. हा कोर्स कुठल्याच अॅपवर नाही.

फोनचा खरा उपयोग इथे आहे. कुठलाही नट सैल करण्याआधी फोटो काढा. वायर कुठून कुठे जाते, वॉशर कोणत्या बाजूला आहे, सगळ्याचे. माझ्या फोनमध्ये एका कार्बोरेटरचे नव्वद फोटो आहेत. कार्बोरेटरवरून आठवलं : पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुन्या काळचे रबरी पाइप, डायफ्राम त्याने फुगतात किंवा तडकतात. पेट्रोल गाडी घेतली की इंधनाचे सगळे पाइप आधी बदला. हा खर्च छोटा आहे, आग मोठी असते.

आणि ब्रेक. जुन्या जीपला चारही बाजूंना ड्रम असतात. ओढा पार केला की ड्रममध्ये पाणी शिरतं आणि लायनर ओले होतात. हे मला ठाऊक होतं. तरी दुसऱ्या गाडीसोबतच्या माझ्या पहिल्याच पावसाळ्यात ओढा ओलांडून, गप्पा मारत, थेट घाट उतरायला लागलो. पहिल्या वळणावर पाय खाली गेला आणि गाडी तशीच पुढे. लो गिअर टाकलेला होता म्हणून इंजिनाने धरून ठेवली, नाहीतर हा लेख दुसऱ्या कुणीतरी लिहिला असता. पाण्यातून बाहेर आलं की सपाट रस्त्यावर हळू चालवत ब्रेक हलके दाबून ठेवायचे, ड्रम तापू द्यायचे, पकड परत आल्याची खात्री झाली की मगच उतार. पाणी खोल असेल तर घरी आल्यावर डिफचं ऑइलही तपासायचं. दुधी दिसलं तर पाणी आत गेलंय.

मॉडिफिकेशन : किती आणि कुठपर्यंत

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. पुढचे लोखंडी क्रॅश गार्ड तर 2017 च्या शेवटापासूनच बेकायदा ठरवलेत. इंजिन बदलायचं असेल तर आधी आरटीओची परवानगी आणि नंतर आरसीवर नोंद, हाच रस्ता. डबवालीहून फुलांसारखी सजवून आलेली ती गुळगुळीत उघडी जीप कागदावर काय आहे, हे आधी विचारा.

कायदा बाजूला ठेवला तरी माझं मत मोठ्या टायरच्या विरोधात आहे. 28 इंचाच्या जागी 31 इंचाचे टायर टाकले तर स्पीडोमीटर 60 दाखवतो तेव्हा गाडी 66 वर असते. वर काढलेलं 37 चं गणित तेवढंच कमजोर होतं आणि तेच जुने ड्रम आता जास्त जड चाक थांबवायला झगडतात. त्याच पैशांत नवे ब्रेक पाइप, व्हील सिलिंडर, किंगपिन बेअरिंग आणि पाट्यांचे बुश होतात. व्हिडिओत यातलं काहीच दिसत नाही, हे मान्य. पण साठच्या वेगाला स्टिअरिंग पिसाळल्यासारखं थरथरायचं थांबतं.

सुरुवात करायचीच असेल तर या क्रमाने करा : ब्रेक, स्टिअरिंग, टायर, वायरिंग, मग इंजिन. रंग सगळ्यात शेवटी. आणि समुद्रकिनाऱ्यावर नेऊ नका. बऱ्याच किनाऱ्यांवर गाडी नेण्याला बंदी आहे, भरती कुणासाठी थांबत नाही, आणि ओढून काढली तरी ते मीठ पुढची दोन वर्षं चासी खात राहतं.