सेकंड-हँड फोनचं नेटवर्क-लॉक : पैसे देण्याआधी काय तपासावं

ऑनलाइन जाहिरातीत 'यूएसए पीस, एकदम कडक कंडिशन, डबा नाही' असं लिहिलेलं असतं. किंमत बाजारभावापेक्षा बरीच कमी, आणि विकणारा आपल्याच खारघरमधला, दोन सेक्टर पलीकडचा. फोन हातात घेतल्यावर कॅमेरा उत्तम, बॅटरी ठीक, व्हिडिओही भराभर चालतो. घरी येऊन आपलं सिम घातलं की मात्र पडद्यावर 'सिम नॉट सपोर्टेड' असा संदेश येतो. हा फोन बिघडलेला नसतो. त्याला नेटवर्क-लॉक असतं, म्हणजे तो एकाच मोबाइल कंपनीच्या सिमवर चालावा अशी सोय करून विकलेला असतो.

हे लॉक कुठून येतं ते आधी समजून घेऊ. अमेरिकेत मोबाइल कंपन्या महागडे फोन सवलतीत किंवा महिन्याच्या हप्त्यावर देतात. हप्ते फिटेपर्यंत ग्राहकाने दुसऱ्या कंपनीकडे जाऊ नये म्हणून फोन लॉक करतात. जपानमध्येही हीच पद्धत होती. तिथल्या सरकारने ऑक्टोबर २०२१ पासून नव्या फोनसाठी ती जवळजवळ बंद केली, पण त्याआधीचे लॉक असलेले फोन अजून फिरत आहेत. आपल्याकडे ऑगस्ट २००८ मध्ये आयफोन ३जी एअरटेल आणि व्होडाफोनने आणला तेव्हा तो लॉक केलेलाच होता, आणि २०१७ चा जिओफोन जिओच्याच सिमवर चालतो. एरवी भारतात दुकानातून घेतलेला फोन कोणत्याही सिमवर चालतो. आपल्याला तीच सवय असल्यामुळे घेताना हा प्रश्न सुचत नाही.

पहिली तपासणी घरबसल्या, चॅटवरच करा. आयफोन असेल तर सेटिंग्जमध्ये जनरल आणि मग अबाउट उघडून पडद्याचा फोटो पाठवायला सांगा. त्या पानावर खाली 'कॅरियर लॉक' अशी ओळ असते. तिच्यापुढे 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' असेल तर फोन मोकळा आहे. 'सिम लॉक्ड' असेल तर तिथेच विषय संपवा. त्याच पानावरचा मॉडेल नंबरही पाहा. त्यात शेवटच्या तिरक्या रेघेच्या लगेच आधी 'एचएन' असेल तर फोन भारतासाठीचा, 'एलएल' असेल तर अमेरिकेचा, 'जे' असेल तर जपानचा. अमेरिकेचा फोन वाईट असतो असं नाही, पण तो लॉक असण्याची शक्यता जास्त, म्हणून पुढच्या पायऱ्या अधिक काटेकोर पाळा.

दुसरी पायरी आयएमईआयची. हा प्रत्येक फोनचा स्वतःचा १५ आकडी ओळख क्रमांक. फोनवर *#०६# दाबलं की दिसतो. 'केवायएम' ही तीन इंग्रजी अक्षरं, मग एक जागा सोडून हा क्रमांक, असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. केंद्र सरकारच्या संचार साथी पोर्टलवरही हीच चौकशी करता येते. उत्तरात फोन काळ्या यादीत आहे, क्रमांक डुप्लिकेट आहे किंवा आधीच वापरात आहे असं आलं तर तो घेऊ नका. चोरीचे फोन रोखणारी ही यंत्रणा सप्टेंबर २०१९ मध्ये प्रथम आपल्या महाराष्ट्रातच सुरू झाली. मात्र इथे बऱ्याच जणांची गफलत होते. या चौकशीतून नेटवर्क-लॉक कळत नाही. फोन चोरीचा नसला तरी लॉक असू शकतो.

आता प्रत्यक्ष भेट. दिवसा भेटा, उत्सव चौकासारख्या वर्दळीच्या ठिकाणी किंवा रेल्वे स्टेशनजवळ, जिथे मोबाइलची रेंज चांगली असते. 'आधी टोकन पाठवा, फोन कुरियरने येईल', 'माझी बदली झाली, मित्र पोहोचवेल' असं कोणी म्हणालं तर एक रुपयाही पाठवू नका. जाताना आपलं चालू सिम न्या. घरातल्या कोणाचं दुसऱ्या कंपनीचं सिम मिळालं तर तेही घ्या.

सगळ्यात जास्त फसगत होते ती वाय-फायमुळे. लॉक फक्त मोबाइल नेटवर्कला असतं, वाय-फायला नसतं. विकणारा स्वतःच्या दुसऱ्या फोनचा हॉटस्पॉट चालू ठेवतो आणि आपल्याला यूट्यूब दाखवतो. आपल्याला वाटतं इंटरनेट चालतंय. म्हणून वाय-फाय बंद करा, आपलं सिम स्वतःच्या हाताने घाला आणि तीन गोष्टी करून पाहा : कॉल लावणे आणि घेणे, मोबाइल डेटावर एखादं पान उघडणे, आणि एक एसएमएस मिळणे. जिओचं सिम असेल तर कॉल आवर्जून लावा. जिओकडे जुनं २जी-३जी नेटवर्क नाही, तिथे कॉल ४जी-५जीवरूनच जातो. परदेशी मॉडेलमध्ये ती सोय आपल्या नेटवर्कशी जुळली नाही तर डेटा चालतो, पण कॉल लागत नाही.

सिमचा ट्रे बाहेर काढाल तेव्हा नीट पाहा. काही लॉक फोनमध्ये सिमच्या खाली कागदाइतकी पातळ चिप चिकटवलेली असते. तिच्यावर सिमसारखेच सोनेरी ठिपके असतात. बाजारात तिला आर-सिम म्हणतात. आत जुन्याच कंपनीचं सिम आहे असं ही चिप फोनला भासवते. सॉफ्टवेअरचा अपडेट आला किंवा फोन रीसेट केला की बहुतेकदा नेटवर्क जातं. ट्रेमध्ये आपल्या सिमखेरीज काहीही दिसलं तर व्यवहार करू नका. २०२२ च्या आयफोन १४ पासून अमेरिकेतल्या आयफोनला तर सिमचा ट्रेच नसतो, फक्त ई-सिम चालतं, म्हणजे सिमची माहिती फोनमध्येच भरावी लागते. तिथे 'कॅरियर लॉक'ची ओळ स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

शेवटी विकणाऱ्याला त्याच्या ॲपल किंवा गूगल खात्यातून साइन-आउट करायला लावा आणि फोन आपल्यासमोर पूर्ण रीसेट करून पुन्हा सुरू करा. यात थोडा वेळ जातो, पण जुन्या मालकाचं खाते-लॉक आणि थकलेल्या हप्त्यांमुळे फायनान्स कंपनीने टाकलेलं लॉक अशी आणखी दोन लॉक इथेच उघडी पडतात. सगळं सुरळीत दिसल्यावर पैसे यूपीआयने द्या आणि साध्या कागदावर नाव, तारीख, रक्कम, आयएमईआय लिहून सही घ्या.

लॉक फोन आधीच गळ्यात पडला असेल तर दुकानातल्या 'अनलॉक करून देतो'वर पैसे घालवण्याआधी थांबा. आयफोनच्या लॉकची नोंद ॲपलच्या सर्व्हरवर असते आणि ज्या कंपनीने फोन लॉक केला तिने सांगितल्यावरच ती बदलते. जुन्या मालकाचे हप्ते थकलेले असतील तर कंपनी नकार देते. अँड्रॉइड फोन 'नेटवर्क अनलॉक पिन' मागतो, तोही मूळ कंपनीकडूनच मिळवावा. कोणी आयएमईआय बदलून देतो म्हणाला तर तिथून निघा. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानुसार आयएमईआयमध्ये फेरफार केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

फोन एखाद्या कंपनीच्या साइटवरून घेतला असेल तर परत करण्याच्या मुदतीतच लेखी तक्रार करा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. आपण रायगड जिल्ह्यात, त्यामुळे आयोग अलिबागला, पण तक्रार ऑनलाइन करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. खासगी माणसाने एकदा विकलेल्या फोनला ग्राहक कायदा सहसा लागू होत नाही. तिथे खोटं सांगून फसवलं असेल तर पोलीस ठाणं गाठा, आणि पैसे पाठवूनही फोन मिळालाच नसेल तर ताबडतोब १९३० वर फोन करा. जितका लवकर कराल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

खारघरमध्ये बऱ्याच घरांत अमेरिकेहून येणारे नातेवाईक जुना फोन प्रेमाने आणतात. त्यांना आठवणीने सांगा, हप्ते फिटले असतील तर तिथल्या कंपनीकडे अनलॉकचा अर्ज स्वतःच्या खात्यावरून करा. अटी पूर्ण असतील तर त्याचे सहसा पैसे पडत नाहीत. इथे आल्यावर हेच काम फार अवघड होतं, म्हणून विमानात बसण्याआधीच ते उरकायला सांगा.