खिडकीत डोंगर, टेबलावर संगणक

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. चैत्रातल्या हळदीकुंकवाला शेजारच्या काकूंनी कैरीच्या डाळीची वाटी हातात घेता घेता मला विचारलं, "काय गं, तुझ्या धाकट्या जावेनं पुण्याची चांगली नोकरी सोडली म्हणे? मग आता दिवसभर घरीच असेल!"

मी काही बोलायच्या आतच सासूबाई म्हणाल्या, "घरी असते, पण उपयोग काय? दार लावून त्या संगणकासमोर बसलेली!"

सगळ्याजणी हसल्या. जाऊही हसली. पण रात्री भांडी आवरताना मला म्हणाली, "वहिनी, मी घरी बसलेली नाहीये हो. मी घरी काम करते. हे कुणाला कसं सांगू?"

तिचं ते वाक्य माझ्या मनातून जाईना. सातारा काय, वाई काय, जुन्नर किंवा भोर काय, आपली ही गावं डोंगराच्या कुशीत वसलेली. सकाळी उठून दार उघडलं की समोर किल्ला! पण जावेसारखं शिक्षण असेल तर काम मात्र पुण्या-मुंबईला. म्हणजे एक तर गाव सोडा, नाही तर काम सोडा. लग्न होऊन आलेल्या मुलीला बहुतेक वेळा दुसरंच करावं लागतं. माझ्या जावेनं यातून तिसरी वाट काढली. ती सोपी नव्हती, आणि एकदा तर ती अक्षरशः चुकलीही. म्हणूनच सांगावीशी वाटते.

हे काम तरी कसलं?

आमच्या भाऊजींची नोकरी इथल्याच कारखान्यात. जाऊ लग्नाआधी पुण्यात एका कंपनीत मोबाईलच्या पडद्यावरची मांडणी करायची. बटण कुठे हवं, अक्षर केवढं हवं, बोट कुठे टेकलं की काय उघडावं, हे सगळं कुणीतरी आधी विचार करून आखलेलं असतं, हे मलाही तिच्यामुळेच कळलं. यात कलाही आहे आणि तंत्रही. नुसतं चित्र सुंदर काढून भागत नाही आणि नुसतं गणित येऊनही भागत नाही.

अशी कामं किती तऱ्हेची असतात! मुलांच्या धड्यांसाठी हलती चित्रं, खेळ, नकाशे, पुस्तकांची मांडणी, अक्षरांचे साचे. संगणकावर मराठी लिहिणाऱ्यांना 'मंगल' हे अक्षर ठाऊक असेलच. ते घडवलं प्रा. र. कृ. जोशी यांनी. ते सुलेखनकारही होते आणि कवीही. बोरूच्या वळणाची जाण असलेल्या माणसानं संगणकाला देवनागरी शिकवली, असंच म्हणायला हवं.

जावेला चित्रकलेचा नाद आणि डोंगराचं वेड. रोज पहाटे चार भिंतींवरून अजिंक्यताऱ्यावर जाऊन यायची. तेव्हा तिनं ठरवलं की डोंगरवाटांचे नकाशे आणि रानफुलांची चित्रं, हेच आपलं काम. दिवसही अनुकूल होते. २०२१ साली केंद्र सरकारनं नकाशांवरचे बरेच निर्बंध भारतीयांसाठी सैल केले. कासचं पठार २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलं होतंच. पुढे २०२५ साली महाराजांच्या काळाची साक्ष देणारे बारा किल्लेही त्या यादीत गेले. त्यांत आमच्या जिल्ह्यातला प्रतापगडही आहे. लोक डोंगराकडे येतात, त्यांना वाट दाखवायला नकाशा लागतो.

वाट चुकली

तिचं पहिलं मोठं काम एका गिर्यारोहण मंडळाचं. यवतेश्वराच्या बाजूच्या डोंगरातली एक पावसाळी सहल, तिचा नकाशा. मुदत आठ दिवसांची आणि बाहेर मुसळधार पाऊस. तिनं घरीच बसून उपग्रहानं टिपलेल्या छायाचित्रावरून वाट रेखली. छायाचित्रात एक स्पष्ट पांढरी रेघ दिसत होती. तीच वाट, असं तिनं धरलं. नकाशा इतका देखणा झाला की मी तो शाळेत नेऊन दाखवला.

आणि त्या रविवारी संध्याकाळी फोन आला. ती रेघ म्हणजे गवत कापणाऱ्यांची पायवाट होती. ती थेट कड्याच्या तोंडाशी जाऊन संपत होती! वर धुकं, बरोबर लहान मुलं. पुढारी जाणता म्हणून शंका येताच थांबला आणि सगळ्यांना घेऊन मागे फिरला. कुणाला काही झालं नाही. दोन तास उशीर तेवढा झाला. पण ऐकताना आमच्या घशाला कोरड पडली.

जावेनं घेतलेली आगाऊ रक्कम परत केली. आठ दिवस तिनं संगणक उघडला नाही. नेमका त्याच आठवड्यात पुण्याच्या कंपनीतून निरोप आला, जागा रिकामी आहे, परत येतेस का? भाऊजी म्हणाले, "जा तू. शनिवार-रविवार मी येत जाईन." सासूबाई गप्पच झाल्या. घरात कुणी रागावलं नव्हतं, पण प्रत्येकाला वाटत होतं की आता ही जाणार.

मी तिला एवढंच म्हटलं, "जायचं तर जा. पण ती वाट आधी चालून येऊ."

गुराख्यानं दिलेला धडा

पाऊस ओसरल्यावर एका रविवारी आम्ही तिघं गेलो. वर एक गुराखी आजोबा भेटले. जिथे ती चुकलेली रेघ फुटत होती तिथेच ते उभे राहिले आणि म्हणाले, "हितनं न्हाई बाई. त्या उंबरापासनं डाव्या अंगाला." खरी वाट झाडीखालून जात होती. वरून पाहणाऱ्या उपग्रहाला ती दिसणार कशी? पुढे चालता चालता आजोबा प्रत्येक वळणाचं, खडकाचं, पाण्याच्या टाक्याचं नाव सांगत गेले. त्यांतलं एकही नाव आमच्या नकाशावर नव्हतं. मी शिक्षिका, वही-पेन पर्समध्ये असायचंच. मी भराभर लिहून घेतलं.

त्या दिवशी जावेला उमगलं ते हे, की हा डोंगर म्हणजे खिडकीतून दिसणारी शोभा नव्हे, ते तिचं भांडवल आहे. चित्र काढणारे पुण्या-मुंबईत पुष्कळ आहेत. पण उंबरापासून डावीकडे वळायचं, हे इथे राहणाऱ्यालाच चालून बघता येतं.

तिनं नवा नकाशा करून मंडळाला फुकट पाठवला. पुण्याच्या कंपनीला नम्रपणे नकार कळवला. आणि स्वतःला नियम घालून घेतले:

पायाखालून गेलेली वाटच रेखायची. तीही दोनदा, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसानंतर. कारण मे महिन्यातला कोरडा ओढा जुलैत ओलांडता येत नाही. पाण्याच्या टाक्यापुढे ते कोणत्या महिन्यापर्यंत भरलेलं असतं तेही लिहायचं. मोबाईल दाखवतो त्या जागेवर आंधळा विश्वास ठेवायचा नाही. उंच कड्यांजवळ उपग्रहाचे संदेश कातळावर आपटून येतात आणि आपली जागा बऱ्याच अंतरानं सरकलेली दिसते. समान उंचीच्या ठिकाणांना जोडणाऱ्या रेषा जिथे दाटीनं येतात तिथे उभा चढ, हे शाळेत शिकवतो तेच. पण तिथे ठळक लाल खूण करायची. आणि नकाशावर तो तपासल्याची तारीख घालायची.

२०२२ पासून शब्द सांगितले की चित्र काढून देणाऱ्या यंत्रांचा बोलबाला झाला. मलाही भीती वाटली, हिच्या पोटावर पाय येणार की काय! जावेनं यंत्राला टोपली कारवीचं चित्र मागितलं. सात वर्षांनी फुलणारी आपली कारवी ती! यंत्रानं जांभळं, सुरेख फूल काढून दिलं, पण ते कारवीचं नव्हतं, कशाचंच नव्हतं. तिनं कासच्या फुलांची जी पत्रं मुलांसाठी केली, त्यांत 'सीतेची आसवं' हे फूल प्रत्यक्षात केवढं असतं ते शेजारी काढून दाखवलंय. करंगळीच्या नखाएवढं ते निळंजांभळं फूल! आणि एवढंसं ते झाड बारीक किडे खातं, हे वाचून माझ्या वर्गातल्या मुलांचे डोळे विस्फारले. यंत्राची कामं सोपी करणारी मदत ती घेते, पण खरं-खोटं पठारावर जाऊनच ठरवते.

शिकायचं कुठे?

पुष्कळ मैत्रिणी विचारतात, आमच्या मुलीला यात घालायचं तर? बारावीनंतर डिझाइनच्या पदवीसाठी 'यूसीड' ही प्रवेशपरीक्षा असते. पदवीनंतर पुढे शिकायचं तर 'सीड'. मुंबईच्या आयआयटीत अशा शिक्षणाचं केंद्र १९६९ पासून आहे आणि अहमदाबादची राष्ट्रीय संस्था १९६१ पासून.

आणि आपल्यासारख्यांचं काय, ज्यांचं कॉलेज कधीच मागे पडलं? मुंबई आयआयटीच्याच 'स्पोकन ट्युटोरियल' या उपक्रमात संगणकाचे धडे विनामूल्य मिळतात; त्यांतले कितीतरी मराठीतून ऐकता येतात. चित्रासाठी 'इंकस्केप' आणि 'क्रिटा', हलत्या चित्रांसाठी 'ब्लेंडर', नकाशासाठी 'क्यूजीआयएस', ही सगळी साधनं फुकट आणि कायदेशीर आहेत. चोरून आणलेल्या महाग साधनांच्या मागे लागूच नका. सरावासाठी 'ओपनस्ट्रीटमॅप' हा २००४ साली सुरू झालेला नकाशा आहे. त्यात कुणालाही भर घालता येते. मी त्यात आमच्या आळीतली देवळं आणि विहिरी मराठीतून लिहायला शिकले. पस्तिशीत!

घरातली घडी

काम घरून असलं तरी त्याला वेळ आणि जागा हवीच. आमच्याकडे माडीवरची खोली जावेची. दहा ते एक आणि अडीच ते साडेपाच तिथे कुणी हाक मारायची नाही. माझी शाळा दुपारची, म्हणून सकाळचा स्वयंपाक माझा आणि रात्रीचा तिचा. भाऊजी भाजी आणतात आणि निवडतातही.

आपल्याकडच्या पावसात वीज जाते, म्हणून इन्व्हर्टर हवाच. संगणकाचं टेबल भिंतीपासून वीतभर लांब ठेवा, म्हणजे ओल लागत नाही. केलेल्या कामाची एक प्रत रोज वेगळ्या ठिकाणी जपून ठेवा.

पैशाचंही स्पष्ट सांगते. पहिल्या वर्षी तिला पुण्याच्या पगाराच्या तिसऱ्या हिश्शाइतकंही मिळालं नाही. आता निम्म्याच्या वर जातं. पण एप्रिल-मे कोरडेच. भविष्यनिर्वाह निधी नाही, बाळंतपणाची पगारी रजा नाही. म्हणून दर महिन्याला ठरावीक रक्कम बाजूला टाकावी लागते. कामाआधी निम्मी रक्कम घ्यायची, दुरुस्त्या दोनदाच करून द्यायच्या, आणि चित्राचा हक्क कुणाकडे राहणार हे कागदावर घ्यायचं. ओळखीतल्या कामात तर आधी! "घरचंच आहे, करून दे" म्हणणारे पुष्कळ भेटतात.

ज्या मंडळाचा नकाशा चुकला होता, ते आता दर पावसाळ्यात तिच्याकडूनच नकाशा करून घेतं. गावांची आणि वळणांची नावं गोळा करण्याचा मोबदला ती मला देते. मी नको म्हटलं, तर म्हणाली, "वहिनी, तुम्हीच फुकट केलंत तर मला कोण पैसे देणार?" मी मुकाट्यानं घेतले.

परवा सकाळी अकरा वाजता त्याच शेजारच्या काकू तिला कशालाशी बोलवायला आल्या. सासूबाई दारातच म्हणाल्या, "ती कामात आहे. एक वाजता या." आणि दुपारी जेवताना हळूच तिला विचारलं, "काय गं, माझ्या माहेरच्या डोंगरावर एक टाकं आहे. लहानपणी आम्ही तिथून पाणी आणायचो. ते घेतलंस का त्यात?"

घेतलेलं नव्हतं. येत्या रविवारी आम्ही चौघं ते बघायला जाणार आहोत. सासूबाई पायथ्यापर्यंत येणार आणि तिथून वाट सांगणार.

तुमच्या गावाशेजारीही असा एखादा डोंगर असेल. त्याची कुठली वाट तुम्हाला पाठ आहे, ते आधी वहीत लिहून काढा. काम कदाचित तिथूनच सुरू होईल.