आरओचं टाकाऊ पाणी जातं कुठं?



यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. त्यानं लहान मुलांच्या दातांवर डाग पडतात, पुढे हाडं-सांधे आखडतात. म्हणून आपण आरओ केंद्रावरून पाण्याचा जार आणतो. ते योग्यच आहे. पण पाण्यातून काढलेलं फ्लोराइड नाहीसं होत नाही. ते यंत्राच्या दुसऱ्या नळीतून बाहेर पडतं. आज आम्ही त्या दुसऱ्या नळीबद्दल बोलणार आहोत.

साधा हिशेब करू. समजा, बोअरच्या एका लिटर पाण्यात 3 मिलिग्रॅम फ्लोराइड आहे. पिण्याच्या पाण्यात ते 1, आणि दुसरी सोयच नसेल तर फार तर 1.5 चालतं. अशा 100 लिटर पाण्यातून 50 लिटर शुद्ध पाणी निघालं, तर जवळजवळ सगळं फ्लोराइड उरलेल्या 50 लिटरमध्ये येतं. म्हणजे लिटरला सुमारे 6 मिलिग्रॅम!

शहरात हे पाणी भुयारी गटारात जातं. पुढे सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहेच, मग काळजी कशाला, असं आपल्याला वाटतं. पण त्या केंद्रात मुख्य काम करतात ते जिवाणू. ते मैला आणि खरकटं खातात, फ्लोराइड नाही. विरघळलेलं फ्लोराइड आणि क्षार बहुतांशी तसेच पुढे नदीत जातात. बाकीच्या सांडपाण्यात मिसळून पातळ होतात, एवढंच.

पर्यावरण संरक्षण नियमांत अशा गटारात सोडायच्या पाण्यासाठी फ्लोराइडची मर्यादा लिटरला 15 मिलिग्रॅम आहे, नदी-नाल्यासाठी मात्र फक्त 2. म्हणजे आपल्या हिशेबातलं पाणी गटारात बसतं, पण गटार नसलेल्या गावात नाल्यात सोडलं तर मर्यादेच्या तिप्पट होतं. शिवाय तिथं ते जमिनीत मुरून पुन्हा आपल्याच बोअरकडे येऊ शकतं.

मग करायचं काय? हे पाणी संडासात ओतायला, फरशी पुसायला वापरा. स्वयंपाकाला नको, जनावरांना पाजू नका, परसबागेत रोज घालू नका. आणि येत्या ग्रामसभेत बचत गटानं तीन प्रश्न विचारावेत: केंद्राचं टाकाऊ पाणी रोज किती निघतं? ते सोडतात कुठं? त्याची तपासणी शेवटची कधी झाली?

जार भरताना शुद्ध पाण्याची नळी आपण बघतोच. आता दुसरीही बघू या!