पाचटाखालचा बैठका

आपल्याकडे ती बैठक, मॉरिशसच्या भोजपुरीत तो बैठका. कुडाच्या भिंती, वर उसाच्या पाचटाचं छप्पर, खाली सारवलेली जमीन. दिवसभर उसात राबलेली माणसं रात्री इथे जमत, ढोलक-झांजांवर तुलसीरामायण म्हणत, आपसातले तंटे मिटवत. पोरं दिव्याच्या उजेडात अक्षरं गिरवत.

2 नोव्हेंबर 1834 रोजी ‘ॲटलस’ जहाजातून 36 करारबद्ध मजूर पोर्ट लुईला उतरले. त्यांच्यामागून साडेचार लाखांवर भारतीय या बेटावर आले. मुंबई बंदरातून निघालेली कोकणी माणसंही त्यांत होती. एक खाडा झाला की दोन दिवसांची मजुरी कापली जाई. 1867 नंतर तर करार संपलेल्यालाही स्वतःचा फोटो लावलेला पास जवळ बाळगावा लागे. तो नसला की अटक.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मळेवाल्यांनी जमिनीचे तुकडे विकायला काढले. मजुरांनी पै-पै साठवून ते घेतले आणि गावं वसली. बैठकाही गावाच्या हक्काच्या जागेत उभा राहिला. त्याला सरकारी अनुदान नव्हतं.

बेल रिव्ह गावातला एक मुलगा अशाच बैठक्यात हिंदी शिकला. तोच पुढे देशाचा पहिला पंतप्रधान झाला: सर शिवसागर रामगुलाम.

पण बैठक्याची खरी कमाई 1948 सालची. त्या वर्षीच्या निवडणुकीत, बेटावरच्या एखाद्या भाषेत साधी वाक्यं लिहिता-वाचता येणाऱ्याला आणि सही करता येणाऱ्याला मताधिकार मिळणार होता. पंडित बासदेव विष्णुदयाल यांच्या जनआंदोलनाचे स्वयंसेवक गावोगाव बैठक्यांत वर्ग घेऊ लागले. कोयत्याने घट्टे पडलेली बोटं पाटीवर स्वतःचं नाव काढू लागली. 1936 मध्ये बारा हजारांच्या आसपास असलेले मतदार 1948 मध्ये एकाहत्तर हजारांवर गेले. एवढं मोठं राजकीय काम पाचटाच्या छपराखाली झालं, आणि तरी मॉरिशसच्या सहलींच्या यादीत बैठक्याचं नाव सहसा नसतं, याची खंत वाटते.

आता पाचट जाऊन सिमेंट आलं, पण कितीतरी बैठक्यांत संध्याकाळचे भाषावर्ग भरतात. मॉरिशसला जाल तेव्हा हे मजूर जिथे उतरत तो आप्रवासी घाट पाहाच, पण लाँग माउंटन गावीही जा. तिथे 1926 साली सुरू झालेली शाळा पुढे हिंदी प्रचारिणी सभा झाली. गावकऱ्यांनी तिला पहिलं नाव दिलं होतं ‘तिलक विद्यालय’.