उंटाची काटकसर

मुलांनो, उंटाच्या मदारीत पाणी साठविलेले असते असे तुम्ही ऐकले असेल. ते खरे नव्हे. मदारीत असते ती चरबी. मग भर उन्हाळ्यात हा प्राणी पाण्यावाचून दिवसामागून दिवस कसा काढतो?

हे समजण्यासाठी प्रथम आपल्या देहाकडे पाहू. आपल्या शरीरातील पेशी एका द्रवाने वेढलेल्या असतात. बाहेर ऊन असो वा थंडी, या द्रवाचे उष्णतामान व त्यातील क्षारांचे प्रमाण ठरावीक मर्यादेतच राहावे लागते. तरच पेशी जगतात. एकोणिसाव्या शतकात क्लोद बेर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने या गोष्टीचे महत्त्व ओळखले. शरीराच्या या आंतरिक स्थैर्यास समस्थिती म्हणतात.

उन्हात आपल्याला घाम येतो. तो वाळताना त्वचेची उष्णता घेऊन जातो, म्हणून शरीर 37 अंश सेल्सिअसच्या आसपास राहते. पण हा गारवा फुकट मिळत नाही! प्यावयास पाणी नसेल, तर रक्तातील पाणी घटते, रक्त दाट होते आणि ते फिरविणे हृदयाला जड जाते. आतली उष्णता त्वचेपर्यंत पोहोचेनाशी होते. अखेर अंग एकाएकी तापते व माणूस दगावतो.

1953-54 साली क्नुट श्मिट-नील्सेन व त्यांचे सहकारी यांनी सहारा वाळवंटात, बेनी अब्बेस येथे, उंटांचा अभ्यास केला. तहानलेल्या उंटाचे उष्णतामान पहाटे 34 अंशांपर्यंत उतरते आणि दुपारी 40 अंशांच्याही वर जाते, असे त्यांना आढळले. हा काही आजार नव्हे. दिवसाची उष्णता उंट अंगात साठू देतो व रात्रीच्या थंड हवेत ती सोडून देतो. तेवढा घाम वाचतो. नित्य पाणी मिळणाऱ्या उंटाचे उष्णतामान मात्र सुमारे दोनच अंशांनी बदलते. गरज पडेल तेव्हाच उष्णतामानाला सवलत द्यावी, पण रक्ताला धक्का लागू देऊ नये, हा हिशेब मला मोठा शहाणपणाचा वाटतो.

अंगावरची लोकरही ऊन अडविते. ती कातरली, तेव्हा उंटाचा पाण्याचा खर्च सुमारे दीडपट झाला.

इतके करूनही पाणी जातेच. परंतु ते मुख्यत्वे रक्ताबाहेरील भागांतून जाते. म्हणून वजन चौथ्या हिश्श्याने घटले, तरी उंटाचे रक्त वाहते राहते. पुढे पाणी भेटले, की दहा मिनिटांत तो सुमारे 100 लिटर पाणी पिऊन टाकतो. एवढे पाणी एकदम रक्तात मिसळले, तर इतर प्राण्यांच्या तांबड्या पेशी फुगून फुटतील. उंटाच्या पेशी लंबगोल असतात. त्या पुष्कळ फुगतात, पण फुटत नाहीत.