‘नीट जेव ना!’ एवढं म्हटल्याने ईटिंग डिसऑर्डर बरा का होत नाही?

घरात कोणी जेवत नसेल तर आपल्याकडे पहिला उपाय म्हणजे आग्रह. ‘दोन घास तरी खा’, ‘डाएटचं खूळ सोड आता’. पण ईटिंग डिसऑर्डर असेल तर एवढ्याने भागत नाही. कारण हे खूळ नाही, आजार आहे. आणि उपाशी राहिल्याने तो आणखी घट्ट होतो.

नेमका आजार काय?

यात प्रामुख्याने तीन प्रकार दिसतात.

अ‍ॅनोरेक्सिया: वजन वाढण्याची प्रचंड भीती वाटते, खाणं कमी होत जातं. शरीर खंगलं तरी आरशात आपण जाडच दिसतो.

बुलिमिया: ताबा सुटून खूप खाल्लं जातं. मग अपराधी वाटून उलटी काढणं, उपाशी राहणं किंवा अति व्यायाम करणं सुरू होतं.

बिंज ईटिंग: ताबा सुटून खाणं वारंवार होतं, पण त्यानंतर उलटी किंवा उपास नसतो. मागे उरते ती लाज.

बुलिमिया असलेल्या अनेकांचं वजन सामान्य असतं. त्यामुळे नुसतं बघून आजार ओळखता येत नाही. ब्रिटनच्या प्रिन्सेस डायना यांनी 1995 मध्ये बीबीसीच्या मुलाखतीत आपल्या बुलिमियाबद्दल सांगितलं. तोवर त्यांनी तो अनेक वर्षं सोसला होता.

भुकेचा मेंदूवर काय परिणाम होतो?

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी एक प्रयोग केला. युद्धात उपासमार झालेल्यांना पुन्हा कसं खाऊ घालायचं, हे त्यांना शोधायचं होतं. शरीर-मन धडधाकट असलेले 36 तरुण स्वेच्छेने सहभागी झाले. त्यांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवण्यात आलं.

काही आठवड्यांतच ते बदलले. डोक्यात सतत अन्नाचेच विचार. कोणी पाककृतींची पुस्तकं वाचू लागलं, कोणी एकेक घास रेंगाळत खाऊ लागलं. चिडचिड, उदासी वाढली, माणसं नकोशी झाली. पुन्हा अन्न मिळाल्यावरही काहींना पोट भरल्याची जाणीव लवकर परतली नाही.

म्हणजे जेवणाभोवतीचं बरंचसं विचित्र वागणं हा स्वभाव नसून भुकेचा परिणाम असतो. अर्थात, आजाराची सुरुवात फक्त भुकेतून होत नाही. आनुवंशिकता, चिंता, शरीरावरून मारलेले टोमणे अशी कारणं एकत्र येतात.

मग यातून बाहेर कसं पडतात?

आधी डॉक्टरांची तपासणी हवी. बराच काळ उपाशी असलेल्या व्यक्तीने एकदम भरपूर खाल्लं, तर रक्तातलं फॉस्फेट झपाट्याने घसरून हृदयाला धोका होऊ शकतो. म्हणून आहार टप्प्याटप्प्याने वाढवतात.

किशोरवयीन मुलांसाठी कुटुंबाला सोबत घेणारी उपचारपद्धत वापरतात. 1980 च्या दशकात लंडनच्या मॉड्सली हॉस्पिटलमध्ये तिची सुरुवात झाली. यात जेवणाची जबाबदारी काही काळ आईवडील घेतात, मग हळूहळू मुलांकडे परत देतात. दोष कोणालाच दिला जात नाही.

मोठ्यांसाठी सीबीटी ही समुपदेशनाची पद्धत वापरतात. तिची पहिली पायरी साधी वाटते: भूक असो-नसो, ठरलेल्या वेळी खाणं. उपास मोडला की ताबा सुटण्याचं चक्रही मंदावतं. त्यानंतर वजन आणि दिसण्याबद्दलच्या विचारांवर काम होतं.

सुधारणा सरळ रेषेत होत नाही. मधेच लक्षणं परतली, तर उपचार फुकट गेले असं नसतं.

घरच्यांनी काय करावं?

‘बारीक झालीस’, ‘आता तब्येत छान भरली’ असे शेरे टाळा. दोन्ही वाक्यं वजनावरच बोट ठेवतात. ‘उपास आहे’, ‘बाहेर खाऊन आलो’ ही कारणं रोजचीच झाली, जेवणानंतर लगेच बाथरूममध्ये जाणं वाढलं, तर ताटावर नको, एरवी शांतपणे बोला. जेवताना सोबत बसा, पण घास मोजू नका.

चक्कर येऊन पडणं, छातीत धडधड, रक्ताची उलटी किंवा जीव देण्याचे विचार असतील तर थेट रुग्णालय गाठा. बोलण्यासाठी सरकारची टेलीमानस हेल्पलाइन 14416 या क्रमांकावर मोफत असून तिथे मराठीतही बोलता येतं.