टोपडे आणि पायमोजे

मराठीत ‘विणणे’ या क्रियापदाचा संसार मोठा आहे. हातमागावर साडी विणली जाते, खाट विणली जाते, कोळी जाळे विणतो आणि सुगरण पक्षी घरटे विणतो. दोन सुयांवर लोकरीचे टाके घालून स्वेटर तयार करणे यालाही विणणेच म्हणतात. (‘विणीचा हंगाम’ यातील वीण मात्र वेगळी, तिचा संबंध पिलांच्या जन्माशी आहे.) हातमागाचे काम आणि सुयांचे काम यांत मूलभूत फरक आहे. हातमागावर उभा ताणा आणि आडवा बाणा यांची गुंफण होते. सुयांवर एकच धागा असतो आणि त्याचा प्रत्येक फासा खालच्या फाशातून ओढून घेतलेला असतो. म्हणूनच लोकरीची वीण ताणली असता वाढते आणि सोडली असता पूर्ववत होते. त्याच कारणाने, एक टाका सुईवरून निसटला तर त्याच्या खालचे टाके शिडीच्या पायऱ्यांसारखे सुटत जातात. या कामातील आनंद आणि वैताग या दोहोंचे मूळ या एकाच धाग्यात आहे.

ही कला फार जुनी आहे. इजिप्तमध्ये मध्ययुगातील विणलेले सुती मोजे सापडले आहेत. 1589 मध्ये इंग्लंडमधील विल्यम ली याने मोजे विणण्याचे यंत्र तयार केले. तेव्हापासून हाताला यंत्राशी स्पर्धा करावी लागत आहे. तरीही घरोघरी सुया चालतच राहिल्या.

लोकर म्हटले की काश्मीर किंवा हिमाचल प्रदेश आठवतो. छत्तीसगडमधील सिलतरा सहसा कोणाला आठवत नाही. रायपूरहून बिलासपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसलेले हे गाव स्पंज आयर्न आणि पोलादाच्या कारखान्यांसाठी ओळखले जाते. या भागात मे महिन्यात पारा 40 अंशांच्या वर जातो. डिसेंबर-जानेवारीत मात्र रात्रीचे तापमान साधारण 13 अंशांपर्यंत उतरते. पहाटेच्या पाळीला दुचाकीवरून जाणाऱ्याच्या कानांना ही थंडी पुरेशी बोचते.

थंडी खरी, पण ती मुक्कामाला थोडेच दिवस असते. येथेच लहान विणकामाचे महत्त्व कळते. मोठ्या माणसाच्या पूर्ण बाह्यांच्या स्वेटरला 50 हजारांच्या घरात टाके लागतात. मिनिटाला 20 टाके असा बऱ्यापैकी सराईत वेग धरला तर हे काम 40 तासांहून अधिक वेळाचे होते. घरकाम किंवा नोकरी सांभाळून रोज एक तास मिळत असेल, तर 1 डिसेंबरला सुरू केलेला स्वेटर संक्रांतीच्या तोंडावर पुरा होतो. तोवर थंडी ओसरू लागते आणि नवा स्वेटर एकदोनदा अंगावर चढून पेटीत जातो. तान्ह्या बाळाच्या टोपड्याला सुमारे तीन हजार टाके पुरतात. तेवढे काम अडीच-तीन तासांत होते. नवशिक्याला दुप्पट वेळ लागेल. आठवड्याच्या आत काम हातावेगळे होते. सुयांना रिकामे झालेले पाहण्याचे हे सुख स्वेटर विणणाऱ्याच्या वाट्याला वर्षातून एखाद्या वेळीच येते.

रायपूर परिसरातील मराठी घरांत या लहान कामाला एक जुने निमित्तही आहे. अठराव्या शतकात छत्तीसगडवर नागपूरकर भोसल्यांची सत्ता होती. पुढे 1956 पर्यंत विदर्भ आणि छत्तीसगड एकाच प्रांतात होते आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. त्यामुळे नोकरी-व्यवसायानिमित्त अनेक मराठी कुटुंबे इकडे आली व येथेच स्थायिक झाली. मराठी घरांत बाळाच्या जन्माच्या वेळी बाळंतविडा देण्याची रीत आहे. झबली, टोपडी, दुपटी आणि त्यांच्या जोडीला लोकरीचे स्वेटर व पायमोजे असा हा आहेर असतो. आजी, मावशी किंवा आत्या महिना-दोन महिने आधीपासून त्याच्या तयारीला लागतात. येथे विणणारीला एक मुदत पाळावी लागते. बाळ कोणासाठी थांबत नाही, आणि जन्मल्यावरही ते इतक्या झपाट्याने वाढते की उशिरा पोचलेले टोपडे डोक्यावर चढतच नाही.

टोपड्यात चूक झाकायला जागा नसते, हे या कामाचे पहिले अवघडपण. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण 34 ते 35 सेंटीमीटर असतो. वीण ताणली जाते, म्हणून टोपडे थोडे लहान, म्हणजे 33 सेंटीमीटरच्या आसपास धरतात. विणणारीच्या हाताने 10 सेंटीमीटरमध्ये 22 टाके बसत असतील, तर सुमारे 72 टाके घालावे लागतात. आता हेच 72 टाके घट्ट हाताने विणले आणि 10 सेंटीमीटरमध्ये 26 बसले, तर घेर जेमतेम 28 सेंटीमीटर भरतो. हात सैल असेल आणि 19 टाकेच बसले, तर तो 38 होतो आणि टोपडे बाळाच्या डोळ्यांवर उतरते. पुस्तकातील टाक्यांची संख्या दोघींनीही तंतोतंत पाळलेली असते. फरक फक्त हाताचा.

यासाठी आधी 10 सेंटीमीटरचा चौकोनी नमुना विणून टाके मोजावेत, असे सर्व पुस्तके सांगतात. सल्ला योग्य आहे, पण लहान कामात तो जाचक वाटतो. त्या नमुन्यालाच सहाशेच्या वर टाके लागतात, म्हणजे टोपड्याच्या पाचव्या हिश्श्याएवढे श्रम केवळ मोजमापासाठी खर्च होतात. म्हणून हातावर सराव असलेल्या स्त्रिया टोपड्याची पहिली पाच सेंटीमीटर हाच नमुना मानतात. तेवढे झाले की मोजपट्टी लावतात आणि हिशेब चुकला असेल तर निर्विकारपणे सगळे उसवतात. यात तोटा फारसा नाही. दीड हजार टाके झाल्यावर ते उसवायला मात्र मोठे धैर्य लागते.

पायमोज्यांचा त्रास निराळाच. एक मोजा उत्साहाने होतो. त्याची टाच वळते, टोक गोलाकार मिटते आणि आठ सेंटीमीटरची ती चिमुकली वस्तू घरभर कौतुकाने फिरते. मग तोच मोजा, तितक्याच ओळींचा, पुन्हा विणायचा असतो. मधे पंधरा दिवस गेले तर हाताचा ताण बदलतो आणि दुसरा मोजा लांब किंवा आखूड होतो. पहिल्याच्या ओळी वहीत लिहून ठेवणे हा एक उपाय. सपाट विणून नंतर शिवायचे मोजे असतील तर त्याहून चांगला उपाय म्हणजे, दोन गुंडे घेऊन एकाच सुईवर दोन्ही मोजे शेजारी शेजारी चालवणे. मग दोन्ही एकाच वेळी संपतात.

शेवटची धाग्यांची टोके आत शिवणे हे सर्वांत कंटाळवाणे काम होय. ते टाळण्याकडेच कल असतो. बाळाच्या मोज्यात हा कंटाळा धोक्याचा ठरू शकतो. आत लोंबणारा धागा पायाच्या बोटाला गुंडाळला जाऊन रक्तप्रवाह अडवू शकतो. मोठ्या जाळीच्या विणीतही बोटे अडकतात. टोपड्याला हनुवटीखाली लांब नाडी किंवा रिबीन लावणेही टाळावे. घरात ऊब असेल तेव्हा झोपलेल्या बाळाच्या डोक्यावरून टोपडे काढून ठेवावे, कारण अंगातील जादा उष्णता बरीचशी डोक्यावाटे बाहेर पडते. उन्हाळ्यात जन्मणाऱ्या बाळासाठी सुती धाग्याचे विणकाम बरे. फक्त सूत लोकरीइतके ताणले जात नाही, म्हणून घेर मापाबरहुकूम धरावा लागतो.

सिलतरासारख्या ठिकाणी आणखी एका गोष्टीकडे लक्ष देणे अगत्याचे आहे. बाजारात ‘लोकर’ म्हणून मिळणारा पुष्कळसा धागा ॲक्रिलिकचा, म्हणजे कृत्रिम असतो. तो स्वस्त, रंगीत आणि धुण्यास सोपा असल्याने वाईट मुळीच नाही. परंतु खऱ्या लोकरीचा धागा पेटवला तर केस जळल्यासारखा वास येतो आणि उरलेली राख चुरगळते. ॲक्रिलिक वितळते आणि त्याचा कडक काळा मणी होतो. भट्टीजवळ काम करणाऱ्याच्या गळ्यात असा मफलर असेल आणि त्यावर ठिणगी पडली, तर वितळलेला धागा कातडीला चिकटतो. म्हणून असा मफलर कारखान्याच्या फाटकापर्यंतच वापरावा. लोंबती टोके यंत्रात अडकण्याचा धोका लक्षात घेता, कोणताही मफलर कामाच्या जागी गळ्यात नसलेलाच बरा. कानटोपी विणली तर रस्त्यावरच्या थंडीपुरते काम भागते, आणि ती खिशात मावते.

हे सारे करून पैसा किती वाचतो, हा प्रश्न विणणारीला हमखास विचारला जातो. लुधियानाच्या कारखान्यांतून येणारी यंत्रावरची टोपी स्वस्त असते. हातच्या टोपडीत तीन तासांची मजुरी धरली तर हिशेब कधीच जुळत नाही. विकण्यासाठी विणणाऱ्यांना हे फार सोसावे लागते. गिऱ्हाईक किंमत लोकरीची देऊ पाहते, वेळेची नाही.

बाळ मोठे झाले की टोपडे उरते. ते टाकून द्यावे लागत नाही. जेथे टाके बंद केले होते ते टोक शोधून उसवत गेले की एकच सलग धागा हाती येतो. तो नागमोडी झालेला असतो. त्याची लडी करून कोमट पाण्यात भिजवावी, पिळू नये, आणि खाली हलके वजन बांधून सावलीत वाळत घालावी. धागा सरळ झाला की पुन्हा गुंडा करता येतो. एका टोपड्यात 25-30 ग्रॅमच लोकर निघते. दोन रंगांच्या दोन टोपड्यांमधून थोरल्या भावंडाची पट्ट्यापट्ट्यांची टोपी होते.